चतुर्थकाची मासोळी

किस्से घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे असतात. जमवायचं कुणी ठरवत नाही, पण एक दिवस फळीवर जागा उरत नाही. (निदान माझा तसा अंदाज आहे. चुकतही असेल.) मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन एकोडी गावात आलो आणि इथल्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेचा बिनपगारी सल्लागार होऊन बसलो.

संस्थेपुढे प्रश्न एकच. मोठं जाळं कधी टाकायचं? व्यापाऱ्याची अट होती, चारातल्या तीन मासोळ्या तरी अर्ध्या किलोच्या वर हव्यात. नाहीतर गाडी रिकामी परत! गेल्या खेपेला ती तशी गेली आणि सगळं गाव मासोळी खाऊन कंटाळलं.

*

त्या खेपेला अध्यक्ष मनोहरभाऊंनी सरासरीवर भरवसा ठेवला होता. नमुन्याला थोड्या मासोळ्या पकडल्या, तोलल्या, सरासरी काढली. झकास! फक्त त्यात एक कतला मासा असा होता, की उचलायला दोघं लागले.

त्यांच्या वहिनी ताराबाई बाजारात मासोळी विकतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हा एकटा जाडा बाकीच्या पोराईले पास करून राहिला!"

जाळ्यातली सगळ्यात महत्त्वाची मासोळी त्या दिवशीच्या पाहुण्याच्या घरी पोचवायची, हा संस्थेचा रिवाज. पाहुणा कोण? तोच व्यापारी! गाडी रिकामी नेली, कतला घेऊन गेला.

*

मी म्हटलं, सरासरी सोडा. ओल्या पोत्यावर मासोळ्या लहानीपासून मोठीपर्यंत ओळीत ठेवा. बरोबर मधली, ती मध्यक. लहान बाजूनं पाव ओळ संपते तिथली, ती पहिला चतुर्थक. ती अर्धा किलो भरली, की पुढच्या पाऊण ओळीची काळजी मिटली. एकच मासोळी तोलायची!

सिद्धान्त बिनचूक होता. पण मासोळ्या जिवंत होत्या. ओळीच्या मधोमध एक लांब मिशांचा मागूर मासा होता, तो सरपटत थेट पाण्यात गेला.

"सर, तुमचा मध्यक पळाला!" मनोहरभाऊ ओरडले.

मी ओळ पुन्हा मोजायला घेतली. "आता मधली कोणती?"

"जे होती ते गेली," ताराबाई म्हणाल्या. "बाजूवालीले बढती द्या!"

पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, फक्त इतकं सोपं नसतं.

*

एकदा चिखलात काडीनं बॉक्स प्लॉट, म्हणजे सगळ्या ओळीचं एका आकृतीतलं चित्र, काढून दाखवला. एक डबा, मधे मध्यकाची रेघ, दोन्हीकडे मिशा. सगळे वाकून निरखू लागले. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

मनोहरभाऊंनी चित्राभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "मागूर चांगला काढला सर. पण डोये काहून नाई देल्ले?"

तेव्हापासून मी डोळे काढतो. समजायला सोपं जातं म्हणतात.

*

मग तो दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी गाडी बोलवायची की नाही, ते ठरायचं होतं. पुन्हा गाडी रिकामी गेली असती, तर व्यापाऱ्यानं या तलावाचं नाव टाकलं असतं.

ओळ लागली. मी पुन्हा पुन्हा मोजून चतुर्थकावर बोट ठेवलं. "हीच! या ओळीत सगळ्यात महत्त्वाची हीच. बाकीच्या सोडल्या तरी चालतील."

काट्यावर ठेवायला गेलो, तर काट्याचे सेल संपलेले! मी किराणा दुकानात धावलो. लहान सेल की मोठे, आठवेना. लहान घेतले, अर्ध्या वाटेतून परतलो, मोठेही घेतले. दुकानदारानं बसवून चहा पाजला, गप्पांत तासभर गेला.

परत आलो तर पोतं रिकामं. बाकीच्या मासोळ्या जगाव्यात म्हणून पाण्यात सोडलेल्या.

"आणि ती?"

"कायची चिंता करता सर?" मनोहरभाऊ अभिमानानं म्हणाले. "महत्त्वाची होती ना! आज पाहुणे तुमीच. तुमच्याच घरी पोचवली!"

आम्ही काटा घेऊन पळत सुटलो. घरी बायको आणि तिची बहीण हात धुऊन बसल्या होत्या. ताटात काटे.

"किती वजनाची होती?" मी ओरडलो.

"मी काय तोलून रांधते का?" बायको म्हणाली. "दोघींले पुरली नाही पण. भात उरला."

मनोहरभाऊंनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. "हॅलो, शेटजी? गाडी पंधरा दिवस थांबवा. नाही नाही, पक्का हिशोब हाय. प्रोफेसर साहेबाच्या घरचा भात उरला!"