बायकोच्या बंदरावरची वीज

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघं एकाच वर्गात इलेक्ट्रिकल शिकलो, पुढं लग्नही केलं. मी अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. अकोल्याहून रोज एसटीनं जाणं-येणं. बायकोला मात्र कोकणातल्या एका मोठ्या बंदरावर नोकरी मिळाली. लोक विचारायचे, "ती तिकडं एकटी, काळजी नाही वाटत?" काळजी नव्हती वाटत. मला तिच्या कामाचा हेवा वाटायचा, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

धक्क्याला लागलेलं जहाज आपलं इंजिन बंद करतं आणि बंदराकडून वीज घेतं. ती वीज कधी ग्रिडची, कधी सोलरची, कधी बंदराच्या स्वतःच्या इंजिनांची. गॅसवरही चालतील आणि डिझेलवरही, अशी ती इंजिनं. हे सगळं तिच्या ताब्यात होतं.

कापसाचा हंगाम संपल्यावर मी तिकडं गेलो. तिनं पास काढून मला कंट्रोल रूममध्ये नेलं. पाहुण्यांसाठी जमिनीवर पिवळी पट्टी होती, तिच्या मागं मला उभं केलं. त्या दिवशी ग्रिडचं काम निघाल्यामुळं जहाजाला इंजिनांवरूनच वीज चालू होती. तेवढ्यात अलार्म वाजला. गॅसचा दाब उतरत होता. मी नकळत पट्टी ओलांडली.

"अवं, आधी लोड कमी कर!"

"तू मागं हो," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. मग ऑपरेटरला, "डिझेलवर घ्या."

इंजिनांचा आवाज किंचित बदलला, बस. काचेपलीकडच्या जहाजावरचे दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. आमच्या कारखान्यात लाइन गेली की कापसातली सरकी काढणारी यंत्रं, सगळे रेचे ठप्प, आणि त्यांत अडकलेला कापूस हातानं ओढत बसायचं. मी पट्टीमागं जाऊन उभा राहिलो. कान तापले होते.

रात्री जेवताना मी उगाच भाजीला नावं ठेवली. तिनं ताट बाजूला सारलं.

"खरं सांग, तुले काय खुपून राहिलं?"

"मले तुही नोकरी पायजे." निघून गेलं तोंडातून.

ती हसली नाही. "माही नाही भेटत. पण शिफ्ट इंजिनिअरची जागा निघून राहिली. कर अर्ज."

"तुह्या हाताखाली?"

"हो, माह्या हाताखाली. जमते काय?"

तेव्हा नाही जमलं. अकोल्याला येऊन बरेच दिवस धुसफुसलो, मग अर्ज केला. मुलाखत घ्यायला ती बसली नाही. नवरा-बायको म्हणून बाजूला राहिली. माझ्याहून लहान एकाला घेतलं. "तुले गॅस इंजिनचा अनुभव नाही," तिनं फोनवर सरळ सांगितलं.

यंदा आणखी एक जागा निघणार आहे. तिनं मिळवून दिलेली पुस्तकं मी एसटीत मोबाइलवर वाचतो. वाचताना अजूनही तिचा हेवा वाटतो. मी चित्रं बघतोय, आणि ती त्या इंजिनांपाशी उभी आहे.