अंदमानच्या मालिनीकाकू
अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात मालिनीकाकूंना भलताच मान होता. १९८३ साली त्या मुलाकडे, प्रसन्नकडे राहायला आल्या. कुणीतरी माहेर विचारलं, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "पोर्ट ब्लेअर. वडील काळ्या पाण्याच्या शिक्षेवर गेले होते." झालं! पुढचं लोकांनी आपल्या मनानं जोडून घेतलं.

दोन वर्षांनी पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाआधी मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर यांचा फोन आला. "काकू, क्रांतिकारकाची लेक आपल्यात आहे. सत्कार करायचा ठरलाय, नाही म्हणू नका!"

काकू सत्कार नको म्हणू लागल्या. आई बुजते आहे असं वाटून प्रसन्न म्हणाला, "आई, जाऊ दे ना. शाल घे, थँक यू म्हण आणि खाली बस."

काकूंनी शाल घेतलीही. पण माईकसमोर त्यांना राहवेना.

"माझे वडील क्रांतिकारक नव्हते," त्या म्हणाल्या. "भिकाजी त्यांचं नाव. साताऱ्याकडचे शेतकरी. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून माणूस मेला. जन्मठेप झाली. पुढं अंदमानातच जमीन मिळाली, संसार झाला."

 मग काकू थांबल्याच नाहीत. त्या अकरा वर्षांच्या असताना, महायुद्धात, जपानी सैनिक बेटावर उतरले. त्यांनी घरोघर रताळी लावायला लावली आणि पीक स्वतः उचलून नेलं. शेजारच्या टपाल कारकुनाला हेर ठरवून धरून नेलं. तो परत आलाच नाही. त्याच्या बायकोच्या आणि तीन मुलींच्या दारात कुणी फिरकेना, कारण फिरकणाराही हेर ठरायचा. भिकाजींनी मात्र शेळ्यांच्या गोठ्यात रताळी पुरून ठेवली होती. त्यातली चार-पाच ते रोज त्या मुलींच्या चुलीपाशी ठेवून यायचे. शेवटच्या वर्षी पकडले गेले. सैनिकांनी गुडघा फोडला. इंग्रजांची जहाजं आली, तेव्हा त्या मायलेकींनीच त्यांना खाटेवर घालून दवाखान्यात नेलं.

"सरकारदरबारी ते शेवटपर्यंत खुनीच राहिले," काकू म्हणाल्या. "त्यांनीही ते कधी नाकारलं नाही. मग मी कशी खोटं बोलून शाल घेऊ?" आणि घडी घालून त्यांनी ती परत केली.

 चंद्रशेखर यांनी घडी मोडून शाल पुन्हा काकूंच्या खांद्यावर घातली. "भिकाजींच्या नावानं घ्या, काकू."

दोन-चार घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी नंतर बंद झाली. काकूंनी मनाला लावून घेतलं नाही.

त्या दिवशी परत येताना ड्राइव्ह करता करता प्रसन्न म्हणाला, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"क्रांतिकारकाचा नातू म्हणून मिरवत होतास. सांगायला जीव धजला नाही रे."

तो ओशाळून हसला. "पुढच्या ट्रिपला साताऱ्याला जाऊ या. आजोबांचं गाव बघू."

"तिथं माझं कोण आहे? न्यायचं तर पोर्ट ब्लेअरला ने."

अमेरिकन पासपोर्टवर अंदमानला जायचे परवाने मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले, पण डिसेंबरात त्यानं आईला नेलंच. पार्सिपनीत हळू आवाजात बोलणाऱ्या काकू तिथल्या बाजारात पदर खोचून, खणखणीत हिंदीत मासेवालीशी हुज्जत घालत होत्या. त्यांच्याकडे त्याची बायको दीपा बघतच राहिली.

"आईंचा आवाज एवढा मोठा आहे?" तिनं नवऱ्याला विचारलं.