चारची थरथर, सहाचा इसार

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. रक्कम पंचवीस हजार रुपये, रोख, इसार म्हणून. हजर माणसं चार: मी, माझी पत्नी, गाडीचा मालक आणि उद्यमनगरातला आमचा नेहमीचा मिस्त्री. ठिकाण कसबा बावडा, मालकाच्या घरापुढचं अंगण. इसारपावती मीच लिहिली. किंमत सहा लाख ऐंशी हजार, उरलेली रक्कम २३ तारखेपर्यंत द्यायची, घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार बुडाला.

गाडी चौदा वर्षांची, जर्मन, पेट्रोलची, एका ओळीत सहा सिलिंडर. आमची नऊ वर्षांची, चार सिलिंडरची. तिच्यात बिघाड असा नव्हता. पण पत्नीच्या मणक्याची गादी सरकल्यापासून तिला त्या गाडीत बसवेना. धावत्या गाडीत ती निभावून न्यायची. गाडी उभी राहिली आणि इंजिन नुसतं सुरू राहिलं, की सीटमधून बारीक थरथर यायची आणि तिच्या कमरेपासून टाचेपर्यंत कळ जायची.

तिचं माहेर हुपरी, चांदीच्या पैंजणांचं गाव. आमच्या दारापासून एकवीस किलोमीटर. मागच्या मार्चमध्ये निघालो आणि डिसेंबरात पुन्हा निघालो, दोन्ही वेळा उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून उचगावातून परत फिरलो. तिची आई शहात्तर वर्षांची, अजून घरात बसून पैंजणांना घुंगरू जोडतात. गाडीत बसलं की त्यांना उलट्या होतात, म्हणून त्या इकडे येत नाहीत. म्हणजे जायचं ते हिनेच. हिच्या पर्समध्ये अकरा महिने एक पैंजण पडून होतं, कडी तुटलेलं. गुजरीतल्या कुठल्याही सराफाकडे दहा मिनिटांत कडी बसवून मिळाली असती. “आईनं केलंय, आईच बसवंल,” एवढंच ती म्हणायची.

मी चोवीस वर्षं फौंड्रीत तपासणी खात्यात आहे. आमच्याकडे मोटारींचे चार सिलिंडरचे ब्लॉक ओततात आणि ट्रकचे सहाचेही. चारचा ब्लॉक दोघांना उचलतो, सहाच्याला चेन-पुली लावावी लागते. त्यामुळे थरथर कुठून येते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, पण त्यांचे झटके एकमेकांना पुरते फेडत नाहीत. थोडा शिल्लक राहतो, तोही दर फेऱ्याला दोनदा. उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला आठशे फेरे धरले तर सोळाशे हिसके. एका ओळीतल्या सहामध्ये हा हिशेब शून्य होतो. आठचं इंजिन मी एकदाच जवळून पाहिलं, मिस्त्रीकडे, एका हौशी माणसाच्या जुन्या परदेशी गाडीत. आवाज छातीत घुमत होता. मिस्त्री म्हणाला होता, “सर, ह्येच्या मागं पेट्रोल पंप बांधून फिरवाय पाहिजे.” म्हणून आठचा विचार मी केला नाही.

बावड्यात मालकाने गाडी सुरू केली आणि बॉनेटवर हात ठेवून हसला. “पावणं, चालू हाय का बंद, तेवढं सांगा आधी!”

पत्नी पुढच्या सीटवर बसली. तिने पर्समधून ते पैंजण काढलं आणि आरशाला अडकवलं. एकही घुंगरू वाजलं नाही. मग आमच्या गाडीत येऊन तिने ते तिथल्या आरशाला लावलं, मी इंजिन सुरू केलं, तसं ते वाचा फुटल्यासारखं वाजू लागलं.

“बघा, दागिनाबी साक्ष द्यायला लागलाय,” मालक म्हणाला.

मिस्त्रीने सहाच्या इंजिनाला कान लावला, तेल पाहिलं. “इंजिन चांगलं हाय, सर,” तो म्हणाला. मी पैसे मोजून दिले.

त्यानंतरचे दिवस मी एका जागी बसलो नाही. आमचं महिन्याचं फिरणं सहाशे किलोमीटर. चारची गाडी लिटरला सोळा देते, ही आठ देईल. एकशे सहा रुपये लिटर धरलं तर महिन्याला तीन हजार नऊशे पंचाहत्तर जादा. ऑइल साडेतीनऐवजी साडेसहा लिटर, प्लग चारऐवजी सहा. टेप घेऊन मी जिन्याखालची जागा मोजली. गाडी मावत होती, फाटकाला नऊ इंच सोडून. पुन्हा मोजली, तरी नऊच. मुदत ठेव मोडायचा अर्ज भरून खिशात ठेवला आणि बँकेवरून दोनदा तसाच पुढे गेलो. चहा घेता घेता उठून खाली जायचो, गाडी सुरू करायचो, सीटवर तळहात ठेवून बसायचो. शेजारच्यांनी विचारलं, “काय, गाडीला ताप आलाय काय?”

२० तारखेला पत्नी व्यायामाच्या उपचाराला भाड्याच्या गाडीने जाऊन आली. चप्पल काढायच्या आधीच तिने पैंजण टेबलावर ठेवलं.

“अहो, आज आली ती गाडी आपलीच हाय की. तसलीच. रंग तेवढा येगळा.”

“बरं मग?”

“आरशाला लावलं हे. सिग्नलला दोनदा थांबलो. वाजलं न्हाई.”

“रस्त्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल.”

“माझं माहेर हुपरी हाय. घुंगरू वाजलं का न्हाई, मला कळंना व्हय? डायवर म्हणला, दोन लाख किलोमीटर झाल्यात. तिलाबी चारच सिलिंडर न्हवं?”

तिलाही चारच.

मी तसाच मिस्त्रीकडे गाडी घेऊन गेलो. त्याने बॉनेट उघडलं, मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन जागच्या जागी उडालं. त्याने हात घालून बोट दाखवलं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातलं एक मधोमध फाटलं होतं, दुसरं दबून चपटं झालं होतं.

“हे तू बावड्यात का बोलला नाहीस?”

“सहाची गाडी ऐकाय नेलतंसा, सर. चारची कुठं दाखवलीसा? तुमचं रजिस्टर असतंय म्हणून मीबी कवा बघितलं न्हाई.”

रजिस्टर होतं. ऑइल, फिल्टर, टायर, सगळं किलोमीटरसकट. त्यात रबर नव्हतं. मी लोखंडाचा माणूस. ओतीव तेवढं तपासायची सवय. तिन्ही माउंटिंग त्याच संध्याकाळी बदलली. पैंजण लावून पाहिलं. एसी लावल्यावर दोन-तीन घुंगरं हलली, मग तीही थांबली. पत्नी वीस मिनिटं उभ्या गाडीत बसून राहिली.

तरी घरी येताना मी म्हणालो, “सहाचं इंजिन ते सहाचंच. तुझ्या पाठीला जास्त...”

“तुमाला पाहिजे असंल तर घ्या की,” ती म्हणाली. “पण माझ्या पाठीवर सहा सिलिंडर लादू नका.”

चोवीस वर्षं मी ते सहाचे ब्लॉक दुसऱ्यांसाठी मोजत आलो होतो. ती गाडी मला हवी होती. आजही बावड्यावरून जाताना मान वळते.

२३ तारखेला मालकाला जाऊन गाडी घेत नाही म्हणून सांगितलं. त्याने चहा दिला आणि पावती पुढे सरकवली. “पावणं, कागद तुमीच लिवलाय.” ते खरंच होतं.

२ मार्चला हुपरीला गेलो. उचगावात ट्रॉल्यांमागे चौदा मिनिटं थांबलो. पत्नी खिडकीतून ट्रॉल्या मोजत होती. सासूबाईंनी आधी लेकीला भिंतीला टेकून बसवलं, मग पैंजण हातात घेऊन तुटलेली कडी पाहिली आणि “अकरा म्हैनं?” एवढंच विचारलं. कडी बसवली. मजुरी घेतल्याशिवाय त्या कोणाचं काम करत नाहीत, लेकीचंही नाही.

दिलेली रक्कम अशी. गाडीच्या मालकाला पंचवीस हजार, परत न मिळालेले. मिस्त्रीला माउंटिंगचे पाच हजार चारशे, मजुरी बाराशे. सासूबाईंना तीस रुपये, सुटे.