पाठ टेकल्यावर दिसणारं आभाळ

अण्णा माणसाला भेटले की आधी त्याची मान बघायचे. चेहरा नंतर, नाव तर फारच नंतर. त्यांच्या गॅस स्टेशनवर मी पहिल्यांदा गेलो तो पंक्चर झालेलं चाक घेऊन. नॉर्थ कॅरोलिनातलं छोटंसं गाव, आमच्या मॉरिसव्हिलहून तासाभरावर. एक चर्च, एक सिग्नल, आणि बाकी सगळी पाईनची झाडं. मी फोनवर बायकोशी कुरकुरत उभा होतो. तेवढ्यात आतून एक रुंद गृहस्थ बाहेर आले, माझ्या मानेकडे टक लावून पाहिलं, दंड चाचपला आणि म्हणाले, "कीबोर्डची मान हाय ही. पुण्याचा काय?"

मराठी त्यांनी फोनवरच्या बोलण्यातून ओळखली असणार. पण मानेवरून पुणं ओळखल्याचा त्यांचा दावा शेवटपर्यंत कायम होता.

अण्णा मूळचे सांगलीजवळचे, कृष्णाकाठचे. मेव्हण्याच्या मोटेलवर मदतीला म्हणून आले आणि पुढे स्वतःचं स्टेशन काढून बसले. दोन पंप, मागे दुकान. दुकानात बर्फ, पाव, दूध, आणि दुधाशेजारच्याच फ्रिजमध्ये मासेमारीसाठी लागणारी गांडुळं. काउंटरवर मोठ्या भांड्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा कायम वाफाळत असायच्या. त्या भागातल्या लोकांना त्या खास आपल्याकडच्या वाटायच्या, अण्णांना सांगलीच्या. दोघंही आपापल्या समजुतीत खूश होते.

पण अण्णांचा जीव ना पंपात होता ना शेंगांत. तो होता दुकानामागच्या घराच्या परसात, एका शेडखाली. तिथे त्यांनी कुस्तीचा आखाडा केला होता.

कॅरोलिनाची माती तांबडी आहे हे मी इतकी वर्षं तिथे राहून पाहिलंच नव्हतं. अण्णांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. "एअरपोर्टवरनं येताना रस्त्याकडंला खणलेलं दिसलं. मला वाटलं, आपलीच माती आपल्या आधी येऊन बसलीय हितं." ती त्यांनी खिडकीच्या जाळीतून चाळली. त्यात हळद, तेल, लिंबू आणि ताक घालून मळली. ताक म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी इथल्या दुकानातलं बटरमिल्क ओतलं. ते खारट आणि दाट. मातीचा केक झाला आणि तो खायला रात्री जंगलातले रॅकून आले. त्यानंतर अण्णांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, घरीच मोठमोठ्या पातेल्यांत विरजण लावू लागल्या. "माणसांना ताक मिळत नाही, मातीला मिळतं," असं कुरकुरत त्या घुसळायच्या. हळदीची मोठाली पाकिटं आमच्या शेजारच्या कॅरी गावातल्या देशी किराणा दुकानातून मी आणायचो. तिथल्या बाईंनी एकदा विचारलंच, "घरात लग्न आहे का कुणाचं?"

त्या शेडच्या छपराला मधोमध चौकोनी भोक होतं. मला वाटलं पत्रे कमी पडले असतील. अण्णा म्हणाले, "मुद्दाम ठेवलंय. चीत झालेल्या गड्याची पाठ टेकते तवा तोंड वर असतंय. हरणाऱ्याला काहीतरी बघायला नको का?"

रोज पहाटे, स्टेशन उघडायच्या आधी, अण्णा माती उकरायचे. मी कधी आदल्या दिवशी मुक्कामाला असलो की ते बघायला जायचो. धुकं पाईनच्या बुंध्यांना बिलगलेलं असायचं, त्या चौकोनातून उजेड हळूहळू खाली उतरायचा आणि हळद-तेलाचा ओला वास सगळीकडे पसरायचा. फावड्याच्या संथ आवाजात मला पेंग यायची. त्या वासात मी सांगलीत आहे की अमेरिकेत, की अजून झोपेतच आहे, हे कळेनासं व्हायचं. मग लंगोटावर हाफपँट चढवलेले अण्णा वळून विचारायचे, "उतरतोस काय?"

माझं उत्तर ठरलेलं. माझी पाठ दुखते. किंवा सोमवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आहे.

"उकरली नाही तर माती मरती," अण्णा म्हणायचे. "आणि नुसती उकरली तरी मरती, जरा सावकाश. तिला अंगं लागतात." गावाकडे ते जत्रेच्या कुस्त्यांमध्ये लढायचे. मोठे पैलवान नव्हते, पण हौस दांडगी. इथे आखाडा उभा राहिला, आणि त्यांच्याशी लढायला त्यात कुणी उतरलंच नाही. ते हसत सांगायचे, पण तेव्हा हात मात्र उगाच माती चिवडत असायचा. मला ते बघवायचं नाही. तरीही मी उतरलो नाही.

एका नागपंचमीला त्यांनी आम्हा सगळ्या मराठी लोकांना बोलावलं. कॅरी-मॉरिसव्हिलहून गाड्या भरून मंडळी आली, घडीच्या खुर्च्या आणि समोसे घेऊन. "डॅड, आर दे गोइंग टु फाइट?" असं पोरं विचारत होती. अण्णांनी मातीला नमस्कार केला, दंडावर थाप मारली आणि एकेकाकडे पाहत विचारत गेले, "उतरतोस काय?" कुणाचा गुडघा निघाला, कुणाचा कॉल. एकजण म्हणाला, "अण्णा, इन्शुरन्सचा लफडा होईल यार." सगळे हसले. अण्णाही हसले, आणि पंचा उचलायला वाकले.

तेवढ्यात शेडच्या दाराशी बर्फाच्या पिशव्या धप्पकन जमिनीवर पडल्या. दुकानाला बर्फ पोचवणारा तिथलाच एक अमेरिकन, वेन, उभा होता. अण्णांच्याच वयाचा, घोटीव मानेचा, शाळेत असताना मॅटवर कुस्ती खेळलेला. त्याने काही न विचारता बूट काढले.

अण्णांनी त्याला मातीला हात लावून कपाळाला लावायला शिकवलं, ओंजळभर माती त्याच्या खांद्यावर चोळली, आणि दोन पिकली डोकी एकमेकांना भिडली. समोसे हातातच राहिले. ते दोघे इतके सावकाश फिरत होते, जणू खोल पाण्यात चालले आहेत. नक्की काय झालं ते मला दिसलंच नाही, पण अण्णा एकदम पाठीवर होते आणि वेन त्यांच्या छातीवर.

आम्ही घाबरून उठलो. अण्णा मात्र हलेनात. वर बघत होते आणि हसत होते.

"अगं, ये, बघ!" त्यांनी काकूंना हाक मारली. "इतकी वर्षं झाली भोक ठेवून, आज खालनं दिसलं!"

त्या दिवसापासून दर रविवारी ते दोघे लढू लागले. वेनला मराठी एवढंच आलं, "उतरतोस काय?" आणि तेही असं, की ते मराठी आहे हे सांगावं लागे.

मागच्या हिवाळ्यात अण्णांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेलो तर त्यांनी डॉक्टरांचं काही सांगितलं नाही. "माती बसली असंल रे," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले. मला रडू आलं ते घरी परतताना, रस्त्याकडेला खणलेली ओली तांबडी माती दिसली तेव्हा.

वसंतात काकूंचा फोन आला. मुलगी म्हणते शेड पाडू, गवत लावू, तू येऊन जरा माती उचलायचं बघशील का? मी शनिवारी सकाळी फावडं घेऊन पोचलो. वाटलं होतं, माती दगडासारखी झाली असेल. शेडमध्ये पाऊल टाकलं तर माती भुसभुशीत, नुकतीच उकरलेली, आणि मध्ये वेन, घामाने निथळत.

"रोज येतोस?" मी इंग्रजीत विचारलं.

"बर्फ टाकायला जाताना," तो म्हणाला. "नाहीतर ती मरते, असं तो सांगायचा." मग त्याने माझ्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं. ते कशासाठी आणलंय हे त्याला कळलं असावं. त्याचा चेहरा पडला. मग त्याच्या त्या अजब उच्चारात म्हणाला, "उतरतोस काय?"

माझी पाठ दुखत होती. सोमवारी रिलीजही होता. मी फावडं भिंतीला टेकवलं आणि शर्ट काढला.

फार वेळ लागला नाही. वेनने मला कुठून धरलं तेही समजलं नाही. पाठ टेकली. थंडगार माती मानेखाली आली, त्या कीबोर्डच्या मानेखाली, आणि वर तो चौकोन उघडला. पाईनचे शेंडे चहूबाजूंनी आत डोकावत होते, त्यांच्यामधून एक विमान आवाज न करता तरंगत चाललं होतं. वेनही दमून शेजारी आडवा झाला. उठावंसं वाटेना.

चहाचे कप घेऊन काकू दारात उभ्या राहिल्या. "मग, कधी उचलायची रे ही माती?"

"काकू, मला अजून बघायचंय," मी म्हणालो.

काकूंनी ट्रे खाली ठेवला. पायातल्या सपाता काढल्या, काठावर आल्या, आणि मान वर करून बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. वास घेतल्यासारखं नाक जरा वर केलं.

"कोरडी झालीय," त्या म्हणाल्या. "आज विरजण लावते."