ब्रेकमध्ये काही नव्हतं

अन्याय झाला तो माझ्या लोको पायलटवर. दुष्काळाच्या वर्षी, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, परळीकडे येणाऱ्या धान्याच्या मालगाडीवर. लोको पायलट म्हणजे लोक ज्याला इंजिन ड्रायव्हर म्हणतात तो. मी त्यांना काका म्हणायचे. मी त्यांची सहायक. त्यांचा गुन्हा एवढाच की हिरवा सिग्नल मिळाल्यावरही त्यांनी माझ्यासाठी गाडी थोडा वेळ थांबवून धरली.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते, ती आधीच सांगून टाकते. आमच्या इंजिनात संडास नव्हता. डब्यात असतो म्हणून लोकांना वाटतं इंजिनातही असेल. नव्हता. पुरुष गाडी थांबली की खाली उतरून चाकाआड उभे राहायचे. मी काय करायचं? मी पाणीच प्यायचे नाही. बाटली भरून न्यायची आणि तशीच भरलेली परत आणायची. गावोगाव बाया टँकरमागं घागरी घेऊन पळत होत्या, आणि मी हातातलं पाणी पीत नव्हते. इंजिनाची केबिन उन्हात तव्यासारखी तापलेली असायची, ती वेगळीच.

इंजिनात एक पद्धत आहे. सिग्नल दिसला की सहायकानं हात करून मोठ्यानं रंग सांगायचा आणि पायलटनं तोच परत उच्चारायचा. दोन तोंडांतून एकच रंग निघाला पाहिजे. शेकडो माणसांचा जीव त्या दोन हाकांवर चालतो, असं काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

त्या दुपारी एका लहान स्टेशनात आमची गाडी बाजूच्या लाइनवर घेतली. समोरून पॅसेंजर यायची होती. मी सकाळपासून कळ दाबून बसले होते. उतरून फलाटावरच्या संडासाकडं गेले, तर दाराला कुलूप. खडूनं लिहिलेलं, पाणी नाही, वापर बंद. किल्ली मागितली तर तिथला माणूस म्हणाला, टँकर आल्याबिगर उघडायचा हुकूम नाही. परत आले. पॅसेंजर निघून गेली आणि आमचा सिग्नल पडला.

मी म्हटलं, "हिरवा."

काकांनी हाक परत दिली नाही. माझ्याकडं वळून बघितलं.

"आवाज कशानं बसला, बाई?"

मी त्या कुलूप घातलेल्या संडासाकडं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना तीन मुली. त्यांनी वॉकीटॉकी उचलली आणि स्टेशनमास्तरला कळवलं की ब्रेकमध्ये गडबड वाटते, तपासतो. मग मला म्हणाले, "जा. त्या बाभळीमागं कुणी न्हाई. घाई करू नको." आणि स्वतः उलट्या बाजूनं उतरून, बाभळीकडं पाठ करून, चाकं ठोकत बसले. चाकांना काहीही झालेलं नव्हतं.

"ब्रेक तपासतो" ही आमच्या लाइनवरची जुनी सोय. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला चक्कर आली, की ब्रेक तपासतो. स्टेशनमास्तरला कळतं, गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसला कळतं, कुणी खोलात जात नाही. त्या दिवशी गेले, कारण मागं एक एक्स्प्रेस उन्हात अडकली आणि कुठल्या तरी साहेबाला धरायला एक माणूस हवा होता. पुढच्या जंक्शनला ब्रेक तपासले. ठणठणीत. काकांवर आरोप आला, खोटं कारण देऊन गाडी अडवली. इंजिनावरून उतरवलं आणि लॉबीत, म्हणजे जिथं आम्ही ड्युटीवर आल्या-गेल्याची हजेरी लावतो त्या ऑफिसात, एका खुर्चीवर बसवलं. चौकशीत दोषी ठरले तर पुन्हा कधी इंजिनावर चढायचं नाही. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलेला माणूस. येणारे-जाणारे चेष्टा करायचे, काका, खुर्चीचे ब्रेक बगितले का वो? ते हसायचे. मला ते हसू बघवायचं नाही.

मी म्हटलं, चौकशीत मी खरं सांगते. ते एकदम चिडले. "पाच-सहा बाप्यांत बसून पोरीनं हे बोलायचं? काई गरज न्हाई. माजं काय व्हायचं ते व्हऊ दे."

युनियनकडं गेले. क्वार्टरांच्या मागं पत्र्याची खोली, तिथं आमची शाखा. पत्रकं मीच लिहायचे, त्यामुळं माझं ऐकतील असं वाटलं. तर सेक्रेटरींनी वेगळंच ठरवलेलं. म्हणे, एका फिटरला बोलायला लावू की ब्रेक तेव्हा खरंच चिकटत होते. मी म्हटलं, म्हणजे एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू. आणि उद्या खरंच ब्रेक चिकटले तर आपल्यावर विश्वास कोण ठेवणार? मग त्यांनी या प्रकरणावर मी लिहून नेलेल्या पत्रकाचा मसुदा हातात घेतला, 'लघवी' या शब्दावर पेन टेकवलं आणि म्हणाले, "ताई, इथं 'महिलांची गैरसोय' लिहा. पत्रक घराघरात जातं, आयाबाया वाचतात."

"आयाबायांनीच वाचायला पाहिजे," मी म्हटलं.

मसुदा तिथंच ठेवून मी रागारागानं बाहेर पडले आणि सुट्टी काढून मायकडं गेले.

माय तेव्हा घरी नव्हती, सिरसाळ्याकडच्या चारा छावणीत होती. गावच्या दूध सोसायटीनं छावणी काढलेली. दोन म्हशींपाशी ती रात्रंदिवस तिथंच, आणखी पंचवीस-तीस बाया तशाच. मी तिला सगळं सांगितलं. ती कडबा तोडत ऐकत होती. मग तिनं बोट करून छावणीच्या कडेला दाखवलं. तिथं तरटांचा आडोसा उभा केलेला होता.

ती म्हणाली, छावणी उघडली तेव्हा गुरांना हौद होता, सावली होती, बायांना आडोसा नव्हता. दिवस उगवायच्या आत जायचं, न्हाई तर अंधार पडस्तोवर तसंच बसायचं. एका सकाळी बायांनी दुधाच्या कॅना मापाच्या टेबलापुढं नेल्या आणि दूध घालायचं न्हाई म्हणून खाली बसल्या. चेअरमन आला. कुणी तोंड उघडंना. शेवटी माय उठली.

"मी म्हनलं, चेअरमन सायब, गुरं कुटंबी मुततेत, आमी कुटं मुतायचं? त्यो खाली बगाय लागला. मंग मला कळलं, लाज त्येला वाटाय लागली, मला न्हाई. सांजच्याला तरटं आली."

मी परत आले आणि चौकशीला गेले.

टेबलापलीकडं साहेब, बाजूला जबाब लिहिणारा क्लार्क, कोपऱ्यात काका मान घालून बसलेले. साहेबांनी विचारलं, तुम्हाला ब्रेकमध्ये काय जाणवलं? मी म्हटलं, "काही नाही. ब्रेकमध्ये काही नव्हतं. मला लघवीला जायचं होतं. इंजिनात संडास नाही, स्टेशनातल्या संडासाला कुलूप होतं. काकांनी गाडी माझ्यासाठी थांबवली. खरं कारण सांगायची सोय नाही, म्हणून खोटं सांगितलं."

क्लार्कचं पेन थांबलं. तो साहेबांना म्हणाला, हे असंच लिहायचं?

"असंच," मी म्हटलं. "आणि खाली हेही लिहा, कळ दाबून बसलेल्या माणसाचं लक्ष सिग्नलवर राहत नाही."

साहेब टेबलाकडं बघायला लागले. मला मायचा चेअरमन आठवला. मग ते एवढंच म्हणाले, की ड्युटीवर निघताना पाणी बेतानं प्यावं. मी म्हटलं, पीतच नाही साहेब, तेच तर सांगते आहे.

काका पुन्हा इंजिनावर चढले, पण ताकीद घेऊन. ती त्यांच्या सर्व्हिसला चिकटली ती चिकटलीच. माझ्यावर रागावून ते बरेच दिवस कामापुरतंच बोलले. पण पहिल्याच फेरीला मी रंग सांगितला आणि त्यांनी दुप्पट जोरानं परत सांगितला. पत्रक युनियननं मी लिहिलं तसंच छापलं. स्टेशनातलं ते कुलूप निघालं. इंजिनं मात्र होती तशीच राहिली. आज कुठं-कुठं संडास असलेली नवी येताहेत म्हणतात. माझ्या वाट्याला अजून एकही आलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. पुढच्या वेळी गाडीची वाट बघत उभे राहाल तेव्हा फलाटाच्या टोकापर्यंत चाला. इंजिनातल्या माणसांना विचारा, आत संडास आहे का? नाही म्हणाले तर स्टेशनमास्तरकडं तक्रारवही मागा, नावासकट तक्रार लिहा. गैरसोय लिहू नका. लघवी लिहा.