गालाजवळचा हात

"कोणी पाह्यलं?"

डॉक्टरसाहेब चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे न बघता हे विचारायचे. पोराला ताप आहे म्हटलं, की कोणी पाह्यलं. लस फ्रीजमध्ये ठेवली म्हटलं, की कोणी पाह्यलं. चहात साखर घातली नाही असं शिपायानं सांगितलं, तरी कप आधी नाकाशी जायचा आणि मग ओठांशी. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. अशा माणसाजवळ बसणं सोपं नसतं. पण तो उठून गेला, की आपल्याला कशाचीच खात्री वाटेनाशी होते.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र पवनी तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे तलाव, तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढीवर लोकांची घरं. मी तिथं औषधं देतो. माझी खिडकी डॉक्टरसाहेबांच्या खोलीच्या दारासमोर येते, त्यामुळे मी त्यांना वर्षानुवर्षं त्या दाराच्या चौकटीतच पाहिलं. खिडकीवर गर्दी नसली की मी पुस्तक उघडतो, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. मी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं ते पेशंटच्या हातून परत मागून घेत आणि त्यावरची तारीख स्वतः वाचत. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. पुढं पुढं पाकीट देण्याआधी मीच दोनदा तारीख वाचायला लागलो.

दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामीच होती. सकाळी दार उघडायच्या आधी रांग फाटकापर्यंत गेलेली असायची. वजन, प्रेशर, शुगर, जखमेवरची पट्टी, सगळं ते स्वतः बघायचे. त्यांचा जेवणाचा डबा माझ्या खिडकीच्या आतल्या फळीवर ठेवलेला असे आणि पुष्कळदा संध्याकाळी तसाच घरी जाई.

अशात एके दिवशी भंडाऱ्याहून टॅब आले. बरोबर एक साहेब समजावून सांगायला आले. प्रेशर आणि शुगर आता सिस्टर मोजतील, आकडा टॅबवर चढेल, डॉक्टरांच्या टेबलावर तो दिसेल. ज्यांचं बरं चाललंय त्यांना सिस्टरच पुढच्या महिन्याच्या गोळ्या देतील. अडलं तर टॅबवरूनच भंडाऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांना विचारता येईल. "सर, तुमचा भार हलका होईल," ते म्हणाले.

डॉक्टरसाहेबांनी टॅब उलटा करून मागची बाजू पाहिली. "भार हलका करतो असं ज्यानं ज्यानं म्हटलं, तो एक रजिस्टर वाढवून गेला," ते म्हणाले. "आकडा चढेल, ठीक. पण पाह्यलं कोणी हे कुठं चढेल?"

ते साहेब हसले. आम्ही कोणी हसलो नाही. जिल्ह्यावरून आलेल्या वस्तूकडे आम्ही सगळेच जरा तिरक्या नजरेनं बघतो.

आमच्या सुनंदा सिस्टर मात्र खूश होत्या. त्या साकोलीच्या. तोंडानं फटकळ, हातानं हलक्या. त्यांनी व्हरांड्यात टेबल मांडलं, स्टाफपासून सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यात आम्हा सगळ्यांची प्रेशरं टॅबवर चढवली. मग रांगेला हात घातला. रांग खरंच भराभर सरकायला लागली. मला ते बघून बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचाच संशय आला. गावातल्या एवढ्या म्हाताऱ्या बायांचं प्रेशर एकदम सरळ झालं कसं?

तो संशय खरा ठरला भागरथाबाईपाशी. भागरथाबाई तलावाकाठची, बोलायला खमकी, प्रेशरची जुनी पेशंट. टॅबवर तिचा आकडा एखाद्या तरुण पोरीचा असावा तसा. डॉक्टरसाहेबांनी तो वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"हे प्रेशर या बाईचं नाही," ते म्हणाले. "भागरथाबाई, पट्टा कोणत्या हाताले बांधला होता?"

"उजव्या, जी."

"कोणाच्या?"

"सुनेच्या."

व्हरांड्यात सिस्टरांच्या हातातला पेन थांबला. भागरथाबाईला मात्र आपण काही चुकलो असं वाटत नव्हतं. "एकाच घरचं त हाय, जी. एकाच चुलीचं खातो, एकाच मिठाचं. घरच्या एकीचं मोजलं का झालं. आन् मी कायले बसू त्याच्यासमोर? त्याच्यात बिमारी चढली का रोजगार हमीच्या कामावर घेत नाई म्हणतेत."

चौकशी केल्यावर कळलं, की ही गोष्ट साऱ्या वस्तीत पसरली होती. टॅब म्हणजे सरकारचा डोळा, त्यात नाव लाल झालं की काम जातं. मग घरातली सगळ्यात धडधाकट बाई टेबलासमोर बसायची आणि नाव सासूचं सांगायची. घरी सर्वे करायला माणूस आला, की एकजणच सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देतो. तीच रीत त्यांनी प्रेशरला लावली होती. नेहमीच्या चेहऱ्यांना सिस्टर ओळखायच्या, पण डोक्यावरून पदर पुढं ओढलेल्या सगळ्याच सुना-सासवांना कशा ओळखणार?

"बंद करा ते," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मी पाहतो सगळ्याइचं."

रांग पुन्हा फाटकाला लागली. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बाया चिखलाच्या पायांनी येत, ताटकळत आणि कंटाळून तशाच बांधीवर परत जात. डबा पुन्हा फळीवर राहू लागला. त्या दिवसांत ते उठताना टेबलाची कड धरायचे, हे माझ्या लक्षात आलं. बुटाच्या नाड्याही सैल सोडलेल्या दिसायच्या.

शेवटी सिस्टर त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तुमचा माझ्यावर भरोसा नाई काय?"

"तुझ्यावर आहे. तू मोजलं त्याच्यावरही आहे. तुझ्यासमोर कोण बसलं होतं, त्याच्यावर नाही."

"मंग तसं सांगा ना. काहून एकटेच मरून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी नियम काढला. हात टेबलावर ठेवून प्रेशर मोजायचं. मोजून झालं, की पट्टा न सोडता तोच हात गालाजवळ धरायचा आणि टॅबवर फोटो काढायचा. चेहरा आणि पट्टा एकाच फोटोत. फोटो नसेल तो आकडा खोटा. आणि वस्तीत ते स्वतः गेले, तलावाच्या पाळीवर बसून त्यांनी सांगितलं, की बिमारीमुळे कोणाचं काम गेलं तर माझं नाव सांगा.

बायांना त्या फोटोची फार गंमत वाटली. "कोर्टात शपथ घेऊन राह्यल्यासारखं वाटते, जी," एकजण म्हणाली. भागरथाबाईनं पहिल्या फोटोसाठी नवं लुगडं नेसून यायचं ठरवलं आणि आली.

त्यानंतर काम खरंच वाटलं गेलं. ज्यांचं ठीक होतं ते सिस्टरांकडून थेट माझ्या खिडकीशी येत. टॅबवर ज्यांचा आकडा लाल होई, तेवढेच डॉक्टरसाहेबांच्या दारात जात, आणि त्यांना ते हवा तेवढा वेळ देत. गुंतागुंतीचं काही असलं तर भंडाऱ्याच्या डॉक्टरांना पडद्यावर विचारत. तेही चष्मा कपाळावर ठेवूनच. एकदा पडद्यावरच्या डॉक्टरांनी काही सुचवलं, तर यांनी विचारलं, "तुम्ही पाह्यलं का असं एखादं?" पलीकडून उत्तर आलं, "हो, दोन." तेव्हा कुठं त्यांनी लिहून घेतलं.

दुपारी त्यांना मोकळा वेळ मिळू लागला. त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. डबा माझ्या खिडकीशी उभ्यानं खात ते मला विचारायचे, "मास्तर, काय वाचून राह्यले?" मी सांगायचो. "खरं घडलेलं आहे?" मी म्हणायचो, नाही, कादंबरी आहे. "म्हणजे लिहिणाऱ्यानंही नाही पाह्यलं," ते मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "त्या बाईचं पुढं काय झालं?"

इतक्या जवळून मी त्यांना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. डोळ्यांखाली सूज होती. बोलता बोलता ते कपाळाची एक बाजू अंगठ्यानं दाबायचे. मी टॅबवर स्टाफची नोंद काढली. त्यांचा आकडा पुस्तकात छापावा इतका चांगला. नोंद पहिल्या आठवड्यातली, म्हणजे नियमाच्या आधीची. फोटो नव्हता.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रामदास हा गडी कुस्ती खेळलेला. डॉक्टरसाहेबांच्या खोलीत त्याचं जाणं-येणं जास्त. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेबांचं प्रेशर कोणाचं आहे रे?"

तो गाडीची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "सर, साहेब मले म्हणाले, बस तू. मी बसलो. साहेबानं सोताच मोजलं आन् सिस्टरले आकडा सांगतला, माझं झालं म्हणून. आता साहेबाले मी कसा नाई म्हणू?"

"पण कशासाठी?"

"म्हणत होते, टॅबवर खरं चढलं का भंडाऱ्याले ऑफिसात टेबलावर बसवतीन. रिटायर व्हाले थोडेच दिवस राह्यले, इथंच राहू दे."

मी सिस्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी, व्हरांडा भरलेला असताना, डॉक्टरसाहेब बाहेर आले तेव्हा सिस्टरांनी समोरची खुर्ची पायानं सरकवली.

"बसा साहेब."

"माझं झालेलं आहे."

"कोणी पाह्यलं?"

डॉक्टरसाहेबांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला. बाकावर भागरथाबाई बसली होती. तिनं पदर सावरला आणि अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, पट्टा कोणत्या हाताले बांधला होता?"

रामदास गाडीमागे गेला.

डॉक्टरसाहेब बसले. शर्टाची बाही वर करायला त्यांना वेळ लागला. सिस्टरांनी मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. टॅबवर आकडा लाल झाला. सिस्टरांनी तो मोठ्यानं वाचला नाही. कोणी काही सांगायच्या आधीच डॉक्टरसाहेबांनी पट्टा बांधलेला हात गालाजवळ नेला. फोटोत ते रागावलेले दिसत नाहीत. वर्गात पकडलेल्या मुलासारखे दिसतात.

पडद्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांची रजाही घ्यायला लावली. त्यांना भंडाऱ्याला टेबलावर कोणी बसवलं नाही. आपण कशाला भीत होतो, हे त्यांनी त्यानंतर कधी बोलून दाखवलं नाही. दर महिन्याला ते रांगेत उभे राहायचे, माझ्याकडून गोळ्या घ्यायचे, तारीख वाचायचे.

रिटायर झाल्यावरही ते गावातच राहिले. नवीन डॉक्टर आल्या, वयानं लहान. डॉक्टरसाहेब पहिल्यांदा पेशंट म्हणून त्यांच्यापुढं बसून आले आणि थेट माझ्या खिडकीशी. चेहरा खुललेला.

"मास्तर, सिस्टरनं मोजलं होतं. तरी बाईनं पुन्हा मोजलं."

"मग?"

"चांगली आहे. शंका घेते."

यंदाच्या हिवाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले. मी घरी गेलो तेव्हा बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला उशाशी बसवलं. मला रडायचं होतं, पण मी तिथं ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट उचलून पाहिलं. इतक्या वर्षांची लागलेली सवय. आदल्या रात्रीपर्यंतच्या सगळ्या गोळ्या घेतलेल्या होत्या. मी पाकीट बाईंच्या हातात दिलं आणि म्हणालो, "त्यांनी एकही चुकवली नाही." त्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होतं. ठाऊक करून घ्यायचं होतं ते मला.

वैनगंगेच्या काठी त्यांना निरोप दिला. भागरथाबाई वस्तीतल्या बायांबरोबर तलावाच्या पाळीपर्यंत आली होती.

महिना संपला की टॅब नावं दाखवतो: गोळ्या घ्यायला आले नाहीत असे पेशंट. त्यात आता डॉक्टरसाहेबांचं नाव येतं, शेजारी तो फोटो. नाव काढायचं तर एक रकाना भरावा लागतो, मृत्यूची खात्री कोणी केली. मागच्या महिन्यात सिस्टर टॅब घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. बोट त्या रकान्यावर ठेवलेलं.

"सर, तुम्ही होते ना घाटावर? तुम्ही पाह्यलं ना?"

मी होतो. मी पाहिलं होतं. फोटोतला हात गालाजवळ होता, पट्टा बांधलेला, चेहरा आणि हात दोन्ही स्पष्ट.

"पुढच्या महिन्यात पाहू," मी म्हणालो.

सिस्टरांनी टॅब बंद केला.