सुट्टीतली मोजणी

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहायचं. देशाच्या हवेत कोण कुठल्या रेडिओ लहरीवर बोलतंय त्यावर नजर ठेवणं हे आमच्या विभागाचं काम. कानसेन नजर नव्हे, कान ठेवायचे. मोजणीच्या गाडीत बसल्यावर मला पडद्यावर लहरींची नुसती वरखाली होणारी टोकं दिसायची. ते हेडफोन लावून सांगायचे, "ही टॅक्सीवाल्यांची. ही बंदरावरच्या क्रेनची. आणि हा कुठल्यातरी दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दाराचा आगाऊपणा." मग आम्ही गाडी वळवून जायचो, तर खरंच दार निघायचं.

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "यांना हवेतलं सगळं ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही."

"ती लहर विनापरवाना आहे," काका ताटातून मान वर न करता म्हणाले. "तिची नोंद घेता येत नाही."

मी नोकरीला लागून आठ महिने झाले होते, त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. पदाने मी त्यांच्या वर, म्हणून ते मला "इंजिनियर" म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं एकच गाऱ्हाणं होतं, आणि ते गाडीत रोज ऐकायला मिळायचं. "हवेत जागा मोजकी आहे, इंजिनियर. मोबाईलची भूक दर दोन वर्षांनी वाढते. नव्याला जागा द्यायची तर जुन्या भाडेकरूला उठवावं लागतं. उठवायचं तर उठवा, पण पाच-सात वर्षं आधी सांगा की बाबा, बिऱ्हाड हलव! लोकांची यंत्रं दहा-दहा वर्षं चालतात. आणि आपण काय करतो? कंपन्यांनी दारात गर्दी केली की धावत सुटतो. तहान लागल्यावर विहीर खणतो, तीही दुसऱ्याच्या अंगणात."

तसंच झालं. लहरींचा नवा लिलाव जाहीर झाला आणि लहरींच्या एका पट्ट्यात कोण बोलतंय याची मोजणी पंधरा दिवसांत करून हवी, असा हुकूम आला. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. तीस वर्षांत कानसेन त्या खोलीत फक्त पंख्याची खरखर शोधायला गेले होते. त्या दिवशी साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "तुमच्याइतका अनुभव इथे कुणाला नाही. पंधरा दिवस पुरतील ना?"

वर येताना जिन्यावर ते मला सांगत होते की आज तोंडावर सांगणार, वर्षभराची मोजणी लागते. खुर्चीत बसल्यावर त्यांनी शर्टाची घडी नीट केली आणि म्हणाले, "पुरतील, साहेब."

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "फार शांत आहे. सुट्ट्या लागल्यात ना, निम्मं गाव बाहेर आहे. अहवालाच्या शेवटी एक ओळ टाक. मोजणी सुट्टीच्या काळात झाली आहे, वर्षभर मोजल्याशिवाय पट्टा रिकामा धरू नये."

मी ती ओळ टाकली. अहवाल एका पानात द्यायचा, असा साहेबांचा निरोप होता, आणि त्या ओळीने तक्ता दुसऱ्या पानावर सांडत होता. अक्षर लहान केलं, समास कमी केले, तरी सांडतच होता. शिवाय माझा तक्ता देखणा झाला होता आणि त्याखाली ती ओळ आपणच आपल्यावर घेतलेल्या संशयासारखी दिसत होती. मी ती काढून टाकली.

सही करताना कानसेनांचं पेन पानाच्या तळाशी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली. त्यांच्या सहीशेजारी माझी.

पट्टा एका मोबाईल कंपनीला विकला गेला. सात महिन्यांनी मोबाईलचे नवे मनोरे सुरू झाले आणि पुढच्या आठवड्यात एक शिक्षिका आमच्या टेबलापाशी आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत कॉलरला लावायचा छोटा माईक. त्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांचा आवाज या माईकमधून रेडिओ लहरीवर थेट मुलांच्या श्रवणयंत्रांत जायचा. त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलीलाही त्या कानाशी बोलल्यासारख्या वाटायच्या.

"आठवडा झाला, मुलं यंत्रं काढून ठेवतात," त्या म्हणाल्या. "एक मुलगी म्हणाली, बाई, तुमच्या आवाजात वाळू आहे."

मी नोंदवहीत लिहायला घेतलं आणि सहज वर पाहिलं. कानसेनांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही आकडे शिकवताना सातवर जरा थांबता का?"

"थांबते. मुलं सातमधला 'स' गिळतात." त्या चकित झाल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी शोधायला गेले तर जिन्यात उभे होते.

"सहा वर्षांपूर्वी तिथून जाताना ऐकलं होतं," ते म्हणाले. "ड्युटी संपली तरी गाडी शाळेच्या भिंतीला लावून तासभर बसलो होतो. एक, दोन, तीन... असं कुणी शिकवताना मी कधी ऐकलं नव्हतं. घरी जाऊन हिला सांगितलं. आणि मोजताना मला ती शाळा आठवली नाही. शाळेला कुलूप होतं गं! कुलूपबंद शाळेत कोण बोलणार?"

बाईंकडे परवाना होता. अकरा वर्षांचे अकरा कागद त्यांनी टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर "तात्पुरता" असा शिक्का. तात्पुरत्या परवान्यांची फाईल आमच्या खाली दोन मजल्यांवर होती आणि कुठली लहर कुणाची हे दाखवणाऱ्या आमच्या नकाशात ते भरायची पद्धतच नव्हती. अकरा वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्या शाळेला सांगितलं नव्हतं की हा पट्टा पुढे कधीतरी जाणार आहे. सांगणार तरी काय, आम्हालाच माहीत नव्हतं.

मोठ्या साहेबांनी उत्तराचा मसुदा तयार केला. दोनच वाक्यं. मोजणीच्या वेळी सदर पट्ट्यात कोणताही वापर आढळला नाही. शाळेने आपली यंत्रं बदलून घ्यावीत. खाली सही कानसेनांची हवी होती, कारण मोजणी त्यांची.

"यंत्रं मंजूर व्हायलाच दोन वर्षं जातील, साहेब," कानसेन म्हणाले.

"पण या पत्रात खोटं काय आहे ते सांगा. वापर आढळला होता?"

"नाही."

"मग?"

त्यांनी मसुदा घडी करून खिशात घातला आणि उद्यापर्यंत वेळ मागितला. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी म्हणाले, "काका, जे झालं ते पंधरा दिवसांमुळे झालं. आपला काय दोष?"

"दोष कसा नाही? मला खुर्ची मिळाली म्हणून मी गप्प बसलो. तीस वर्षं जे बोंबलत होतो ते सांगायची वेळ आली, आणि मी शर्टाची घडी नीट करत बसलो." माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत कंपनीचा माणूसही होता. कानसेन या वेळी बसले नाहीत. मसुद्याऐवजी त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद पुढे केला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला: "सदर मोजणी शाळांच्या सुट्टीत झाली. ती अपुरी आहे हे मला माहीत होतं. तशी ओळ अहवालात हवी होती. ती नसताना मी सही केली. शाळेचा परवाना वैध आहे."

"हे लिहिण्याचा अर्थ कळतोय ना?" साहेब म्हणाले. "निवृत्तीला चार-पाच महिने राहिलेत तुमचे."

"कळतोय."

"तशी ओळ हवी होती म्हणजे? आधी होती का? मग काढली कुणी?"

माझ्या समोर पाण्याचा ग्लास होता. त्याच्या काठावर एक केस चिकटला होता. मी तो केस पाहत राहिले.

"सही माझी आहे, साहेब," कानसेन म्हणाले.

परवाना वैध असल्याचं कागदावर आल्यामुळे कंपनीला नमतं घ्यावं लागलं. शाळेला नवी यंत्रं मिळेपर्यंत तिच्याकडे तोंड असलेल्या दोन मनोऱ्यांनी तो पट्टा वापरायचा नाही, असं ठरलं. मात्र ते बदल व्हायला तीन आठवडे लागणार होते. कानसेनांच्या सेवापुस्तकात ठपका आला. निरोपसमारंभ नको, असं त्यांनी आपणहून कळवलं. कार्यालयात कुणी फार आग्रहही केला नाही.

शाळेचं पत्र टपालाने जाणार होतं. मी ते मागून घेतलं आणि स्वतः घेऊन गेले.

बाईंनी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभ्या उभ्या ते वाचलं. सोबत कानसेनांच्या कागदाची प्रत होती, तीही वाचली. "मोठा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "चूक कबूल करायला कुणी इतकं पुढे येत नाही."

"बाई, ती ओळ त्यांनी सांगितली होती. मी लिहिलीही होती. मग मीच काढली."

त्यांनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. वर्गात एखाद्याला विचारावं तसं विचारलं, "का?"

"अहवाल एका पानात बसत नव्हता."

येताना रस्ताभर मी दुसरं काही उत्तर शोधलं होतं. घाई होती, हुकूम होता, मी नवीन होते. त्यांच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

बाईंनी पत्राची घडी घातली. "तीन आठवडे लिहिलंय ना?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दार अर्धं लोटून घेतलं. माईक टेबलावर पडून होता. त्या पहिल्या बाकापाशी गेल्या, एका मुलीसमोर वाकल्या आणि घसा ताणून एक वाक्य म्हणाल्या. मग दुसऱ्या बाकापाशी तेच वाक्य. मग तिसऱ्या. वर्गात नऊ बाक होते. नवव्या बाकापर्यंत त्यांचा आवाज बसला होता, आणि मी दाराबाहेर उभी राहून तो ऐकत होते.